पंधरा मिनिटं

जानेवारी. रात्रीचे दोन चाळीस.
बाहेर लष्करवर धुकं,
आत माझ्या उशीचा अभ्रा पिळून घ्यावा इतका ओला.
अशा थंडीत घाम फुटला की काय समजायचं
हे मला चांगलं ठाऊक असतं,
फक्त त्या वेळी नसतं.

त्या वेळी वाटतं
फ्रीज माझ्यावर चिडून काहीतरी पुटपुटतोय.
स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते,
कशाला आले ते उंबऱ्यावर सांडतं.
फळीवर डबे. एक, दोन, सात, पुन्हा दोन.
त्यातल्या एकात ते आहे. ते पांढरं.
मुंग्यांना कळतं, ते.
एकतीस वर्षं एजी ऑफिसात
लोकांच्या बेरजा लाल पेन्सिलीनं धरल्या,
आणि आता सात डब्यांत एक शब्द सापडेना.

हात गेला तो तूरडाळीच्या डब्यावर.
तो पडला. सगळी डाळ फरशीभर.
त्या आवाजाला भिंत जागी झाली,
म्हणजे पलीकडचा भदौरियांचा सत्येंद्र,
पटवारीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेला,
जो तसाही जागाच असतो.
किल्ली त्याच्या आईकडे आहे, गेल्या दसऱ्यापासून.
गेल्या दसऱ्याचं नंतर कधीतरी.

मफलर, अनवाणी पाय, डाळ तुडवत आला.
ग्लास. चमचा माझ्या दातांवर वाजला.
“ताई, मुँह खोलो.”
मी म्हणे मान हलवली आणि ठणकावून सांगितलं,
इस हेड में प्रावधान नहीं है.
“मंज़ूर हो गया, ताई. पियो.”
हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं,
हसला नाही, म्हणून मीच हसले.

बोटाला सुई. अठ्ठेचाळीस.
मग पंधरा मिनिटं.
या पंधरा मिनिटांत करण्यासारखं काही नसतं.
साखर आत गेलेली असते, पोचलेली नसते.
मी जमिनीवर, भिंतीला टेकून,
गाऊन अंगाला चिकटलेला, केस मोकळे,
आणि समोर बावीस वर्षांचा परका मुलगा
उलट्या बादलीवर बसून मोबाईलमधला वेळ बघतोय.
कुठे बघावं त्याला कळत नाही
म्हणून तो मला प्रश्न विचारतो:
“ताई, चंबल की सहायक नदियाँ?”

जीभ लाकडाची. ओठांना मुंग्या.
कुनो, मी म्हणते. बऱ्याच वेळानं.
तो टिचकी मारत नाही, शाबास म्हणत नाही, थांबतो.
पार्वती.
कुठूनतरी गुडघे परत येतात. फरशी गार लागते.
काळी सिंध.
“काली,” तो म्हणतो.
काळी, मी म्हणते, आणि माझ्याच हट्टाचा आवाज ऐकून
मला कळतं, आलेय मी.
मागोमाग तो शब्द आला,
आधी शक्कर, दुकानातली, रेशनच्या रांगेतली,
मग बऱ्याच अंतरानं, दम लागलेली, साखर.

एकाहत्तर.
“हो गया,” म्हणून तो उठला. तळपायाची डाळ झटकली.
पण मला थंडी भरली आणि भूक लागली,
भूक म्हणजे जेवणाची नव्हे,
विहिरीत पडलेल्याला दोराची असते ती.
पुण्याच्या भाचीसाठी आणलेली मुरैन्याची गजक
दातांनी पुडा फाडून खाल्ली.
“बस, ताई.”
खाल्ली.
“ताई, बस.”
तीळसुद्धा चाटले.

सकाळी दोनशे त्रेसष्ट.
डॉक्टर करकऱ्यांच्या वहीत ‘कारण’ असा एक रकाना आहे.
रात्री भाकरी अर्धी सोडली, इंजेक्शन पुरतं घेतलं,
हे लिहायला हवं होतं.
मी लिहिलं, लेखापरीक्षण चालू.

अभ्रा धुऊन गॅलरीत टाकला.
धुक्यात तो दुपारपर्यंत वाळायचा नाही.
डाळ तीनदा झाडली तरी शेगडीखालून दाणे निघतायत.
आज त्या पोराच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही
असं ठरवून कपडे झटकत राहिले, पाठमोरी.

तो सायकल काढत होता. खालून ओरडला,
“ताई! बनास रह गई थी!”

खरं सांगायचं तर
ती मला शंभर असतानाही आठवली नसती.